मंजिरीच्या गॅरेजमधली वजनं

नमस्कार.

मागे उभे आहात त्यांनी पुढे या. इथे खुर्च्या आहेत अजून. बरेच जण कामावरून तसेच आलात, दिसतंय मला. कुणाच्या गळ्यात अजून ऑफिसचा पास आहे. कुणी पोरांना क्लासमधून उचलून थेट इथे आणलंय. केलीव्हिलच्या या हॉलमध्ये आपण एरवी गणपतीला भेटतो, दिवाळीला भेटतो, पार्किंग मिळत नाही म्हणून भांडतो. आज मंजिरीसाठी आलोय. मंजिरी गेली म्हणून आलोय.

हे वाक्य मी गाडीत म्हणून बघितलं होतं. गाडीत जमलं होतं.

मी अनघा. मंजिरीची मैत्रीण. आयटीत आहे, दोन मुलं आहेत, तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहते. समीर मला म्हणाला, "तू बोल, माझ्याने होणार नाही." समीर म्हणजे मंजिरीचा नवरा, इथे पहिल्या रांगेत बसलाय. शेजारी त्यांची मुलगी रेवा आहे. आणि त्या लॅपटॉपवर पुण्याहून मंजिरीच्या आई आहेत. काकू, माझा आवाज येतोय ना? बरं.

तुमच्यापैकी काहींना मंजिरी कौन्सिलमधली इंजिनिअर म्हणून माहीत असेल. पावसाचं पाणी रस्त्यावरून कुठे वाहून जाणार, कुठे तुंबणार, हे बघायचं तिचं काम. पण या हॉलमधल्या निम्म्या बायका तिला गॅरेजमुळे ओळखतात. त्या गॅरेजबद्दल मला बोलायचंय. कारण मंजिरी आजारी पडल्यापासून त्याबद्दल बरंच काही बोललं गेलंय, आणि ते तिच्या कानावर गेलं होतं.

सुरुवात काकूंपासून झाली. काकू, सांगते हं मी. काही वर्षांपूर्वी काकू पुण्यात घरी एकट्या असताना स्वयंपाकघरात पडल्या. हाड मोडलं नाही, मार लागला नाही. पण उठता येईना. कामाच्या बाई येईपर्यंत तशाच फरशीवर बसून राहिल्या. संध्याकाळी इथे ऑस्ट्रेलियात फोन करून मंजिरीला म्हणाल्या, "लागलं काहीच नाही गं. नुसतं उठताच आलं नाही."

मंजिरीने ते वाक्य धरून ठेवलं. मला म्हणाली, "अनघा, आई आजारी नाहीये. तिला काहीही झालेलं नाही. तिच्या पायांत फक्त तिला उचलण्याएवढी ताकद उरलेली नाही. आणि ही ताकद एका दिवसात जात नाही. आपल्या वयात जायला लागते. आपण खुर्चीत बसलेलो असतो, म्हणून कळत नाही."

मी म्हटलं, "बरोबर आहे." आणि लॅपटॉप उघडला. मीटिंग होती.

ती मात्र गेली. जिममध्ये गेली, एका ट्रेनरकडे नीट शिकली, चुका करत शिकली. मग पर्थला निघालेल्या एका कुटुंबाकडून तिने लोखंडी दांडा आणि त्याच्या चकत्या आणल्या. समीरची गाडी बाहेर गेली आणि गॅरेजमध्ये रबरी मॅट आली. समीर, तुझी गाडी त्यानंतर कधीच आत आली नाही, हो ना? उन्हाळ्यात शिव्या घालायचास.

मग तिने आम्हाला बोलवायला सुरुवात केली. आणि आम्ही काय सांगितलं? तेच, जे आपण सगळे सांगतो. वेळ नाही. शनिवारी पोरांचं स्विमिंग, मग कोचिंग. रविवारी मराठी शाळा. रोज मेट्रोने सिटीत जा, या, डबे करा. शिवाय वजनं उचलून आपण पुरुषांसारख्या दिसू, अशीही एक भीती होती. तसं कोण म्हणालं ते सांगत नाही. ती आज इथे आहे.

मंजिरी ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "वेळ नाही ना? मग एकेका स्नायूचे लाड करत बसू नका. आज दंड, उद्या पोटऱ्या, हे ज्यांना वेळ आहे त्यांनी करावं. आपण मोठ्या हालचाली करायच्या. एका हालचालीत अर्धं शरीर कामाला लागलं पाहिजे."

मोठ्या हालचाली म्हणजे चार. खाली बसून उठायचं, तो स्क्वॉट. जमिनीवरचं वजन पायांच्या आणि कमरेच्या जोरावर उचलून सरळ उभं राहायचं, ती डेडलिफ्ट. खांद्यावरून डोक्यावर ढकलायचं. आणि वाकून आपल्याकडे ओढायचं. ती म्हणायची, "या चार तुम्ही घरी रोज करताच. पोराला उचलता, सुटकेस वर ठेवता, आट्याची पिशवी डिकीतून काढता. मी फक्त नीट करायला शिकवतेय." आठवड्यातून दोनदा, सकाळी, कामाच्या आधी. अंघोळीसकट तासाभरात घरी परत.

पहिल्या दिवशी तिने आमच्या हातात काय दिलं असेल? झाडूचा दांडा. मी म्हटलं, "मंजिरी, मी याच्यासाठी लवकर उठले?" ती म्हणाली, "आधी फॉर्म शिक, म्हणजे पाठ सरळ ठेवायला. भार पाठीतून नाही, पायांतून जमिनीत गेला पाहिजे. पाण्याला चुकीची वाट दिली की घरात शिरतं. वजनाचंही तसंच."

आम्ही तिघी नेहमीच्या झालो. मी, चाइल्डकेअरमध्ये काम करणारी गौरी, आणि मंजिरीच्या शेजारची सिमरन. सिमरन पंजाबी. ती म्हणायची, "दीदी, मेरे घुटने गए हुए हैं।" मंजिरी म्हणायची, "तो वापस लाते हैं।" आणि आले हो. हळूहळू आले. सगळे नाही आले, पण जिने चढण्याएवढे आले.

गौरीची पाठ सतत दुखायची, दिवसभर पोरांना उचलून. तीही कमी झाली. मी काही फार बलवान झाले नाही. पण एक दिवस माझ्या लक्षात आलं की जमिनीवर पोरांबरोबर बसल्यावर उठताना मी कशालाच हात लावलेला नाही. मी मंजिरीला फोन करून सांगितलं. एवढ्याशा गोष्टीसाठी. तिला इतका आनंद झाला की तिने समीरला हाक मारून सांगितलं.

आता पुढचं सांगते. पुढचं सोपं नाही.

एका सकाळी डेडलिफ्ट करताना दांडा तिच्या डाव्या हातातून सुटला. ती म्हणाली, "घाम आला असेल." पुढच्या वेळी परत सुटला. म्हणाली, "पकड कच्ची आहे, मेहनत घ्यायला हवी." आणि तिने मेहनत घेतली. तिला दुसरं काही माहीतच नव्हतं. जे कमी पडतंय त्याचा सराव करायचा, थोडं थोडं वाढवायचं, मग शरीर देतं. इतकी वर्षं शरीराने दिलं होतं. या वेळी मात्र ती जितका सराव करत होती तितकी पकड उतरत होती. ती एकेक चकती काढत गेली. आम्ही बघत होतो. आमच्यात मंजिरीला चुका दाखवणारं कुणी नव्हतंच ना.

मग डॉक्टर, मग न्यूरॉलॉजिस्ट, मग तपासण्या. कितीतरी महिने. शेवटी एका सकाळी तिने आम्हाला गॅरेजमध्येच सांगितलं. मॅटवर बसून. "मोटर न्यूरॉन डिसीज आहे. मेंदूचे निरोप स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा मरत जातात. निरोप गेला नाही की स्नायू वाळतो. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. उपाय नाही."

सिमरन म्हणाली, "दूसरी ओपिनियन?"

"घेतलीय."

एवढंच. मग ती म्हणाली, "चला, सेट अर्धा राहिलाय." आणि आम्ही तो केला. कसा केला ते मला विचारू नका.

आता मला ते सांगायचंय, ज्यासाठी मी इथे उभी आहे. मंजिरीचं कळल्यावर आपल्यातच कुजबुज सुरू झाली. "अति केलं तिने." "बायकांनी एवढी वजनं उचलायची काय गरज?" हे तिच्यासमोर, याच हॉलमध्ये, प्रसादाचं ताट हातात धरून कुणीतरी म्हणालं. मी नाव घेणार नाही. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मला वाटतं, भीती होती. तिने काहीतरी चुकीचं केलं असेल, तर आपण वाचलो. असंच ना?

मंजिरीने ताट घेतलं, "थँक्यू" म्हणाली, आणि गाडीत येऊन बसली. मी चालवत होते. तिने ताट मांडीवर धरलं होतं. मग म्हणाली, "अनघा, मीच केलं का गं हे?"

पुढच्या भेटीत तिने न्यूरॉलॉजिस्टला तोच प्रश्न विचारला. मी बरोबर होते. तो चांगला माणूस होता. त्याने खोटं सांगितलं नाही. म्हणाला, तुम्हालाच हे का झालं, ते मला माहीत नाही. तुम्ही हे केलंत म्हणून झालं, असं कुणीही सांगू शकत नाही. आणि अमुक एका गोष्टीचा काहीच संबंध नाही, असंही मी शपथेवर सांगू शकत नाही. आम्हाला अजून तेवढं कळलेलं नाही.

बाहेर आल्यावर मंजिरी म्हणाली, "सरळ 'नाही' म्हणाला असता तर बरं झालं असतं."

तो प्रश्न गेला नाही. तुम्हाला वाटत असेल, मंजिरी म्हणजे खंबीर, मंजिरीने सगळं हसत घेतलं. नाही घेतलं. गॅरेजचं दार बरेच आठवडे बंद होतं. मी फोन केला तर उचलायची नाही. समीर दारातूनच सांगायचा, "झोपलीय." ती झोपलेली नसायची. मला ते कळायचं, समीरला कळायचं की मला कळतंय, आणि मी डबा देऊन परत यायचे.

मग एका मंगळवारी सकाळी गौरीचा मेसेज आला. "दार उघडं आहे." आम्ही धावत गेलो. मंजिरी आत खुर्चीत बसली होती, मांडीवर शाल. म्हणाली, "मी उत्तर शोधत होते. सापडत नाहीये. सापडेपर्यंत तुमच्या पाठी वाकड्या होतील. चला, दांडा घ्या."

त्यानंतर ती खुर्चीतून शिकवायची. हात चालत नव्हते, नजर चालत होती. माझी टाच जराशी उचलली की ओरडायची. पुढे आवाज जड होत गेला, शब्द एकमेकांत अडकायला लागले. तेव्हा आम्ही दोनदा विचारायचो, आणि ती चिडायची. आम्हीही कधीतरी चिडायचो. सिमरन एकदा अर्ध्यातून रडत घरी गेली. ती गॅरेजची वेळ फार पवित्र वगैरे नव्हती. जड होती. सगळ्यांनाच जड होती.

आता रेवाबद्दल. रेवा, आय आस्क्ड यू, राइट? विचारलंय मी तिला. सांग म्हणालीय.

रेवा कधी गॅरेजमध्ये आली नाही. आईने बोलावलं की म्हणायची, "नो थँक्स, दॅट्स युअर थिंग." युनिव्हर्सिटी, पार्ट-टाइम जॉब, मैत्रिणी. बरोबरच आहे. आजार कळल्यावर तर ती त्या दाराकडे बघायचीही नाही.

एका दुपारी मी घरून काम करत होते. रेवाचा फोन आला. "मावशी, मम्मा पडलीय. आय कान्ट गेट हर अप." समीर सिटीत होता, त्याला यायला वेळ लागणार होता. मी निघाले. निघताना गौरीला फोन केला, तिची सकाळची शिफ्ट संपली होती. सिमरन शेजारूनच आली.

मंजिरी बाथरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये पडली होती. कुशीवर. व्हीलचेअर मागे सरकली होती. लागलं नव्हतं. शुद्धीत होती, उलट तिलाच आमची काळजी. रेवा तिच्याजवळ बसून रडत होती आणि सारखी म्हणत होती, "सॉरी मम्मा, सॉरी मम्मा." मी म्हटलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवू. मंजिरीने डोळ्यांनी नाही म्हटलं. मग काहीतरी बोलली. आम्हाला कळेना. परत बोलली. तिघींनाही कळेना.

रेवाने डोळे पुसले आणि म्हणाली, "शी वॉन्ट्स अ बेडशीट."

आम्ही जाड चादर आणली. आणि मग असं झालं की मंजिरी बोलत होती, आणि रेवा तिचं बोलणं आम्हाला मोठ्याने सांगत होती. आईचं बोलणं तिलाच कळत होतं. रोज ऐकणारी तीच ना. आधी एका कुशीवर वळवा, चादर खाली सरकवा. आता दुसऱ्या कुशीवर. चौघी चार टोकांना. टोक मुठीत गुंडाळून घ्या. जवळ या, अजून जवळ, लांबून उचलू नका.

रेवा इंग्लिशमध्ये सुरू झाली होती. मध्येच कधी मराठीत आली, तिलाही कळलं नसेल. "खाली बसा. टाचा जमिनीत. पाठ सरळ. अनघा मावशी, तुझी पाठ, मम्मा म्हणतेय. श्वास घ्या. पोट घट्ट. कुणी एकटीने उचलायचं नाही, सगळ्यांनी एकदम. आता."

आणि आम्ही उठलो. चौघी एकदम. मंजिरी चादरीत, आमच्या मधे. वाळून गेली होती ती, तरी माणूस जड असतं हो. पण आम्ही उठलो. तिला पलंगावर ठेवलं. कुणाची पाठ भरली नाही.

आणि मी तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी मला अभिमान वगैरे वाटला नाही. मला भयंकर राग आला. हे सगळं आम्ही कशासाठी शिकलो होतो? स्वतःच्या पायांवर म्हातारं व्हायला शिकलो होतो. मंजिरीला उचलायला नव्हतो शिकलो.

तिला ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं. ती हसली. रेवाला काहीतरी म्हणाली. रेवा म्हणाली, "मम्मा सेज, गुड फॉर्म."

दोन दिवसांनी घरी येणाऱ्या थेरपिस्ट बाईंना हे कळलं. त्या ऑस्ट्रेलियन, बोलायला गोड, पण त्या दिवशी चांगल्याच रागावल्या. म्हणाल्या, लेडीज, माणसाला हातांनी उचलायचं नाही. पुन्हा कधीच नाही. पडली तर फोन करा, मदत येईल. आणि त्यांनी हॉइस्ट आणवला, माणसाला झोळीत बसवून उचलणारं यंत्र. आम्हाला वाटलं मंजिरी भांडेल. ती म्हणाली, रेवाकरवीच, "त्यांचं बरोबर आहे. त्या दिवशी इलाज नव्हता. पण रोज उचलाल तर तुमच्या पाठी जातील. त्यासाठी शिकवलं नाही मी."

हॉइस्ट आला आणि आम्ही गॅरेजमध्ये जायचं बंद केलं. ठरवून नाही. आतल्या खोलीत ती बोटही हलवू शकत नाही आणि बाहेर आम्ही वजनं उचलायची? कसं जमणार? मी तिला तसं म्हटलंसुद्धा. तेव्हा ती डोळ्यांनी टाइप करायला लागली होती. समोरच्या स्क्रीनवर ती अक्षरांकडे बघायची आणि मशीन वाचून दाखवायचं. मशीनला मराठी यायचं नाही. ती इंग्लिश अक्षरांत मराठी लिहायची आणि ते आपल्या ऑस्ट्रेलियन आवाजात वाटेल ते वाचायचं. "चहा घे" लिहिलं की "चाहा घी" म्हणायचं. आम्ही हसून हसून पडायचो. तीही.

त्या दिवशी हसली नाही. बराच वेळ अक्षरांकडे बघत राहिली. मशीन म्हणालं, म्हणजे मला त्यातून कळलं ते असं, "माझ्यासाठी तुम्हीही लोळागोळा होणार का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गॅरेजमध्ये गेलो. बरं वाटलं नाही. ती घरात होती, आम्ही तिच्या भिंतीपलीकडे होतो, चकत्यांचा आवाज तिला जात होता. तो आवाज ऐकून तिला काय वाटत होतं, मी विचारलं नाही. आमच्याबरोबर त्या दिवसापासून रेवा यायला लागली. झाडूच्या दांड्यापासून सुरुवात केली तिने. आम्हीच करायला लावली.

मी मंजिरीला शेवटची भेटले ती समीर औषधं आणायला बाहेर गेला होता तेव्हा. श्वासाचा मास्क होता. आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, कारण मला राहवलं नाही, "मंजिरी, राग येतो का गं तुला शरीराचा? एवढं केलंस त्याच्यासाठी."

ती लिहायला लागली. फार वेळ लागायचा तिला तोपर्यंत. एकेक अक्षर. मी स्क्रीनकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. मग मशीन बोललं. त्या विचित्र उच्चारात. मी दोनदा ऐकलं, तेव्हा कळलं.

"चांगलं होतं. भरपूर वापरलं."

बस. डोळे मिटले तिने. दमली होती.

काकू, तुमच्या मुलीने हे म्हटलं. समीर, रेवा, तुम्हाला मी हे आधी सांगितलं नव्हतं. मला ते एकटीला ठेवता येत नाहीये, म्हणून आज सांगितलं. आणि ज्यांनी विचारलं, किंवा मनात ठेवलं, की तिने अति केलं का, त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. डॉक्टरकडे नव्हतं, तिच्याकडे नव्हतं. मी फक्त एवढंच मागते, की हा प्रश्न रेवासमोर कुणी विचारू नका.

मंजिरी 'चांगलं होतं' असं म्हणू शकली. मला अजून म्हणता येत नाही. मला तिच्या शरीराचा राग येतो, त्या नसांचा येतो, ज्याने त्या बनवल्या त्याचाही येतो. तो जाईल तेव्हा जाईल. आज माझ्याजवळ तोच आहे, आणि तो घेऊनच मी तुमच्यासमोर उभी आहे.

आता कुणी काही बोलू नये. आपण थोडा वेळ गप्प राहू या. ज्यांना जमेल त्यांनी उभं राहा. ज्यांना बसायचंय त्यांनी बसा, कुणी काही म्हणणार नाही. किती वेळ ते मी मोजणार नाही. रेवा बसली की आपण बसू.

मंजिरी, नमस्कार गं.